सहा आकड्यांमागची किल्ली

ऑफिसच्या ईमेलवर किंवा कामाच्या एखाद्या ऑनलाइन खात्यावर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, सुरू करताना पडद्यावर क्यूआर कोड येतो. ऑथेंटिकेटर अ‍ॅपने तो स्कॅन करायचा, अ‍ॅपमध्ये दिसणारे सहा आकडे खाली भरायचे, की काम झाले. आयटी विभागाच्या सूचनेत हे तीन-चार ओळींत उरकलेले असते. त्यामुळे अनेकांना वाटते की क्यूआर कोड ही नुसती जोडणी आहे आणि पुढे सर्व्हरच दर अर्ध्या मिनिटाला फोनवर नवा कोड पाठवत राहतो. प्रत्यक्षात सर्व्हर काहीच पाठवत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका, सिमकार्ड काढून ठेवा. आकडे बदलतच राहतील आणि ते बरोबरही असतील.

क्यूआर कोडमध्ये असते एक गुप्त किल्ली. स्कॅन न करता हाताने भरण्याचा पर्याय निवडला तर ती उघड दिसते: इंग्रजी अक्षरे आणि २ ते ७ हे आकडे यांची लांबलचक माळ. शून्य आणि एक त्यात घेतलेले नाहीत, कारण त्यांची ओ आणि आय या अक्षरांशी गल्लत होते. किल्लीची एक प्रत सर्व्हरकडे राहते, दुसरी स्कॅन करताना फोनमध्ये जाते. त्यानंतर कोड जुळवायला दोघांनी एकमेकांशी बोलावे लागत नाही. पुण्याच्या आणि नाशिकच्या घरी भिंतीवर एकच कालदर्शिका असली, की एकादशी कधी हे फोन करून विचारावे लागत नाही, तसेच हे.

किल्ली कायम एकच राहते. मग आकडे बदलतात कशाने? घड्याळाने. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले हे संगणक सतत मोजत असतात. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी भारतात पहाटेचे ३ वाजून ४३ मिनिटे २० सेकंद झाले, तेव्हा हा आकडा बरोबर १,७०,००,००,००० होता. त्याला ३० ने भागून अपूर्णांक सोडला की ५,६६,६६,६६६ उरतात. हा त्या अर्ध्या मिनिटाचा क्रमांक. फोनमध्ये असो की सर्व्हरवर, त्या क्षणी तो सारखाच निघतो. किल्ली आणि हा क्रमांक एकत्र घुसळून कोड काढला जातो.

या घुसळण्याला एचमॅक म्हणतात. ह्यूगो क्रॉचिक, मिहिर बेल्लारे आणि रॅन कॅनेटी या तीन संशोधकांनी ती रीत मांडली आणि १९९७ मध्ये ती इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांत आली. तिच्यातून सहसा २० बाइटांची एक निरर्थक दिसणारी रास बाहेर पडते. एवढे मोठे उत्तर माणसाने टाइप करणे शक्य नाही, म्हणून इथे एक सुंदर युक्ती केली आहे. राशीचा अगदी शेवटचा अर्धा बाइट पाहायचा. त्याची किंमत ० ते १५ यांच्यामध्ये असते, आणि राशीत कुठून सुरुवात करून चार बाइट उचलायचे हे तीच किंमत सांगते. त्या चार बाइटांची जी संख्या होते, तिचे शेवटचे सहा अंक म्हणजे तुमचा कोड. कापायचे कुठे हेही राशीच ठरवते, आणि ती राशी किल्लीशिवाय काढता येत नाही.

क्रमांक एकाने जरी वाढला तरी कोड पार बदलतो. या कोडांच्या मूळ मानकात नमुन्यादाखल दिलेल्या एका किल्लीसाठी क्रमांक ० ला ७५५२२४ येतो, १ ला २८७०८२ आणि २ ला ३५९१५२. आधीचे कितीही कोड कोणी टिपून ठेवले तरी पुढचा त्यावरून काढता येत नाही. २००५ च्या त्या मानकात हा क्रमांक प्रत्येक वापरानंतर एकाने वाढणारा होता. २०११ मध्ये त्याच्या जागी घड्याळ आले. (एचमॅकमध्ये घुसळण्यासाठी बहुधा वापरली जाणारी शा-१ ही पद्धत २०१७ मध्ये मोडल्याची बातमी आली होती. ती मोडणी वेगळ्या प्रकारची होती, या कोडांना तिने धक्का लागला नाही.)

हे कळले की सेटअप करतानाच्या सूचनांचा अर्थ लागतो. फोनची वेळ 'आपोआप' ठेवा असे सांगतात, कारण घड्याळ दोन मिनिटे मागे पडले तर फोन वेगळाच क्रमांक घेऊन कोड काढतो आणि बरोबर किल्ली असूनही प्रवेश मिळत नाही. थोड्या फरकासाठी सर्व्हर सहसा मागचा-पुढचा एखादा कोडही चालवून घेतात, त्याहून जास्त नाही. स्कॅन केल्यावर एकदा कोड भरायला लावतात, तो दोन्हीकडे तीच किल्ली पोचली याची खात्री करण्यासाठी.

आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट अजिबात काढू नका. सहा आकडे अर्ध्या मिनिटात शिळे होतात, पण तो चौकोन हीच किल्ली असल्याने शिळा होत नाही. लहान ऑफिसांत एकच लॉगिन चौघे वापरतात आणि सोयीसाठी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला जातो. ग्रुपमधला प्रत्येक फोन, त्याचा बॅकअप, नोकरी सोडून गेलेल्याची गॅलरी, सगळीकडे मग खात्याची किल्ली पडून राहते. प्रत्येकाला वेगळे लॉगिन देणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

आपल्याला सवय एसएमएसच्या ओटीपीची. इंटरनेटवरून कार्डाने पैसे भरताना जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली आणि ओटीपी हा शब्द घराघरांत गेला. पण एसएमएस खरोखरच बाहेरून येतो, तुमच्या नंबरवर. खोटी कागदपत्रे दाखवून कोणी तोच नंबर आपल्या सिमवर घेतला तर कोडही त्यालाच जातात. तरीही दुसरा काही पर्याय नसेल तर एसएमएस जरूर चालू करा. नुसत्या पासवर्डवर उभे असलेले खाते किती उघडे असते हे २०२१ मध्ये अमेरिकेने पाहिले. कोलोनियल पाइपलाइन कंपनीच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्याला (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरण्याच्या खात्याला) दुसरी पायरी नव्हती. हल्लेखोर तिथून पासवर्ड टाकून आत शिरले, पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली आणि कंपनीने ७५ बिटकॉइनची खंडणी दिली.

अ‍ॅपच्या कोडलाही मर्यादा आहे. सर्व्हरला फक्त आकडे दिसतात, ते कोणी आणि कुठे टाइप केले हे त्यांत नसते. हुबेहूब लॉगिन पान बनवून तुमच्याकडून पासवर्ड आणि कोड घेतला, आणि तो लगेच खऱ्या पानावर भरला, की चोर आत. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना असेच खोट्या पानांचे संदेश आले. ट्विलिओमध्ये शिरकाव झाला. क्लाउडफ्लेअरमध्येही तीन जण फसले, पण तिथे सगळ्यांना यूएसबी पेनड्राइव्हसारखी सुरक्षा-किल्ली वापरावी लागत होती, त्यामुळे चोर आत शिरू शकले नाहीत. अशी किल्ली लॉगिनसाठी एक डिजिटल सही करते, आणि ब्राउझर त्या पानाचा खरा पत्ताही त्या सहीत गुंफतो. पत्ता वेगळा असेल तर खऱ्या साइटवर चालेल अशी सही होतच नाही, मग माणूस कितीही घाईत असो. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या, आणि पुढच्या वर्षी सांगितले की तेव्हापासून कोणाचेही कामाचे खाते पळवले गेल्याची नोंद नाही. फोनमधली पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने चालणारी किल्ली) याच तत्त्वावर चालते. ऑफिसने हा पर्याय दिला असेल तर माझे मत स्पष्ट आहे: तोच घ्या.

फोनवर नुसता 'मंजूर' असा प्रश्न येतो, ती पद्धत सोपी आहे पण जपून वापरावी लागते. २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराला अशा विनंत्या एकामागून एक येत राहिल्या आणि शेवटी त्याने एक मंजूर केली. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०२३ पासून पडद्यावरचा आकडा फोनमध्ये टाइप करणे सक्तीचे केले. आपण लॉगिन करत नसताना विनंती आली, तर पासवर्ड आधीच कोणाच्या तरी हातात आहे असे समजून लगेच आयटीला फोन करावा.

सेटअपच्या शेवटी आठ-दहा रिकव्हरी कोड मिळतात. लोक 'पुढे' दाबून तिथून निघून जातात याची मला खरी काळजी वाटते. फोन हरवला किंवा बंद पडला की हेच कोड तुम्हाला आत घेतात. ते कागदावर उतरवून घरच्या कपाटात, महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको, फोन आणि बॅग अनेकदा एकत्रच जातात. नवा फोन घेतल्यावर आधी त्याच्यावर खाते जोडा, एकदा लॉगिन करून पाहा, आणि मगच जुना फोन पुसा. अ‍ॅप काढून टाकल्याने टू-फॅक्टर बंद होत नाही. फोनमधली प्रत पुसली जाते, सर्व्हरकडची तशीच राहते, आणि सर्व्हर त्याच किल्लीचा कोड मागत राहतो.