विधवांचे हक्क आणि कल्याण (गोवा)

पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीला घर, मालमत्ता, उपजीविका, पुनर्विवाह आणि समाजातला वावर यांबाबत मिळणारे संरक्षण. गोव्यात या विषयाची सुरुवातच वेगळ्या टोकाकडून करावी लागते, कारण इथे विधवेचा मुख्य हक्क वारशातून नव्हे, लग्नातून येतो.

१८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि १९६१च्या मुक्तीनंतरही टिकली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची सगळी मालमत्ता सामाईक होते आणि निम्मी पत्नीची ठरते. हा हिस्सा तिला कुणी देत नाही. तो तिचाच असतो, नवरा जिवंत असतानाही.

सरळ हिशेब घेऊ. नवऱ्याने स्वकमाईतून ६० लाखांचे घर घेतले, मागे पत्नी आणि तीन मुले. घर गोव्यात पेडण्याला असेल तर ३० लाख तिचे आणि उरलेल्या ३० लाखांत तीन मुलांचे समान वाटे. हेच हिंदू कुटुंब हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या बांद्याला राहत असेल आणि नवऱ्याची आई हयात नसेल, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी आणि तीन मुले यांना प्रत्येकी १५ लाख. शिवाय बांद्याचा नवरा मृत्युपत्र करून घर कुणाच्याही नावे करू शकतो. पेडण्याच्या नवऱ्याला पत्नीच्या अर्ध्या वाट्याला हात लावता येत नाही. मुले असतील तर स्वतःच्या अर्ध्यातलाही निम्माच भाग तो मृत्युपत्राने देऊ शकतो.

या व्यवस्थेचे कौतुक नेहमी होते, तिच्या दोन बाजू मात्र क्वचित सांगितल्या जातात. मालमत्तेसोबत संसारासाठी काढलेले कर्जही सामाईक असते. आणि पतीच्या अर्ध्या वाट्याच्या वारसाक्रमात पत्नी मुले, आईवडील, भावंडे यांच्या मागे उभी आहे. मूल नसलेल्या विधवेला म्हणूनच सासरच्यांशी वाटणी करावी लागते.

वारसाहक्काचा भाग आता २०१२च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली येतो. तो डिसेंबर २०१६मध्ये अमलात आला. वाटणी होईपर्यंत मालमत्तेचा कारभार पाहणारा कुटुंबप्रमुख म्हणून पहिला मान हयात जोडीदाराचा. सगळे राजी असतील तर काम नोटरीपुढे होते, नसतील तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी. खरी अडचण इथे सुरू होते. विवाहित वारसाचीही मालमत्ता सामाईक असल्याने सुना-जावयांच्याही सह्या लागतात. एक मुलगा आखातात, एक मुलगी पोर्तुगालला, मुखत्यारपत्रे यायची बाकी, आणि म्हातारीचा अर्धा वाटा कागदावर ठरलेला असूनही जमिनीवर आखलेला नाही, अशी घरे गोव्यात गावोगाव सापडतील. सिव्हिल रजिस्ट्रारकडे न नोंदलेले, नुसते देवळात लागलेले लग्न असेल तर विधवेचा दावा आणखी अवघड होतो. लग्नाच्या वेळी कंटाळा करून टाळलेल्या रजिस्ट्रारपुढच्या सह्या नंतर अशा महागात पडतात. नवऱ्याने मुंबईत खोली घेतलेली असेल तरी गोंयकाराच्या त्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केले.

इतिहासात पाहता, आफोंसो दि आल्बुकर्कने १५१०मध्ये गोवा घेतल्यावर सतीची चाल बंद केली; बंगालमधला सतीबंदीचा कायदा १८२९चा. पण तेव्हा त्याच्या ताब्यात तिसवाडी आणि आसपासचाच मुलूख होता. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल अठराव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेले. सतीशिळा पणजीच्या राज्य संग्रहालयाच्या संग्रहात आहेत.

कायद्याने अर्धी मालकीण केलेली बाई हळदीकुंकवाला मात्र बोलावली जात नसे, आणि बऱ्याच घरांत आजही नाही. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र नि जोडवी काढून घेणे, मुलीच्या लग्नात ओटी भरताना आईलाच मागे उभे करणे: यांतले काहीही कुठल्या कलमात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये या प्रथांविरुद्ध ठराव केला आणि महाराष्ट्र सरकारने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. त्यानंतर गोव्यातल्याही काही पंचायतींनी तसे ठराव घेतले. ठरावाला शिक्षेचे बळ नसते, पण दहाव्या-बाराव्याला भावकीतल्या बायकांना थोपवायला घरच्या सुनेला त्याचा आधार घेता येतो, आणि हा उपयोग लहान नाही.

जगात विधवांची संख्या सुमारे २५.८ कोटी असल्याचे संयुक्त राष्ट्रे सांगतात. २३ जून हा आंतरराष्ट्रीय विधवा दिन म्हणून महासभेने २०१०मध्ये मान्य केला. विधवांच्या स्थितीवरचा महासभेचा पहिला स्वतंत्र ठराव मात्र २०२२चा, म्हणजे बराच उशिरा. आफ्रिकेतल्या देशांनी २००३च्या मापुतो करारात विधवांच्या हक्कांना स्वतंत्र कलम दिले. झांबियाच्या १९८९च्या कायद्यात मृत्युपत्र नसल्यास विधवेचा वाटा २० टक्के आहे. नायजेरियात मुलगा नसलेल्या विधवेला घराबाहेर काढणारी रूढी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये मोडीत काढली. नेपाळने २००९मध्ये विधवेशी लग्न करणाऱ्याला ५०,००० रुपये जाहीर केले, तेव्हा विधवांच्या संघटनांनीच विरोध केला. त्यांचे म्हणणे रास्त होते, मदत द्यायची तर तिच्या हातात द्यावी.

गोव्यात अशी थेट मदत पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाच्या सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळते. विधवेला दर महिन्याला ठरावीक रक्कम दिली जाते. २१ वर्षांखालील मूल असल्यास ४,००० रुपये देण्याचा निर्णय सरकारने अलीकडे घेतला. गोव्यात १५ वर्षांचे वास्तव्य आणि उत्पन्नाची मर्यादा या अटी आहेत, आणि पैसे चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला वेळोवेळी द्यावा लागतो. तारवटींच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्या खलाशांच्या, विधवांसाठी २०१२पासून वेगळी पेन्शन योजना आहे. घरखर्चासाठीच्या गृह आधार योजनेतले नाव पतीच्या निधनानंतर सामाजिक सुरक्षेकडे वळवायचे असते, ते आपोआप होत नाही.