नव्वद टक्के लोक सोडून देतात, म्हणून मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम निरुपयोगी?

‘मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम दहा टक्के लोक तो पूर्ण करतात, म्हणजे ही पद्धतच फसलेली आहे,’ असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे.

यातला आकडा बहुतांशी खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. शुल्क आणि प्रवेशपरीक्षा नसल्यामुळे येथे नाव नोंदवणे हे ग्रंथालयातले पुस्तक चाळून पाहण्याइतके सोपे असते, आणि नोंदणी करणाऱ्यांत केवळ कुतूहलाने आलेले, एखादाच धडा हवा असलेले आणि पहिला व्हिडिओही न उघडणारे असे सगळेच मोजले जातात. २०११ साली कृत्रिम बुद्धिमत्तेवरील एका मोफत अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले आणि २०,०००हून अधिक जणांनी तो पूर्ण केला. टक्केवारी लहान दिसते, पण एवढे विद्यार्थी एका वर्गशिक्षकाला आयुष्यभरातही क्वचितच लाभतील.

म्हणून असा आकडा समोर आला की तो कशाच्या तुलनेत काढला आहे, हे आधी पाहावे: सर्व नोंदणीच्या, पहिला स्वाध्याय सोडवणाऱ्यांच्या, की पूर्ण करण्याचा हेतू आधीच सांगणाऱ्यांच्या? शेवटच्या दोन गटांत प्रमाण बरेच वाढते.

खरी चिंता मला वेगळी वाटते. पूर्ण करणाऱ्यांत आधीच पदवी असलेल्यांचा भरणा मोठा असतो, आणि ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज आहे त्यांना इंटरनेट, भाषा, मोकळा वेळ आणि शंका विचारायला माणूस या चारही गोष्टी सहज मिळत नाहीत.