ब्रेड शिळा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

ब्रेड घेताना बहुतेक जण पाकीट दाबून बघतात आणि मऊ लागला की ताजा समजून पिशवीत टाकतात. बेकरीच्या लादी पावाला ही परीक्षा चालते. पाकीटबंद स्लाइस ब्रेडच्या बाबतीत ती फसवते, आणि त्याचं कारण स्टार्चमध्ये, म्हणजे पिठातल्या पिष्टमय पदार्थात, आहे.

शिळा ब्रेड म्हणजे वाळलेला ब्रेड, असा सर्रास समज आहे. पाणी उडू दिलं नाही तरी ब्रेड कडक होतो आणि पुन्हा तापवला की मऊ पडतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवून दिलं होतं.

गव्हाच्या स्टार्चमध्ये साधारण पाव हिस्सा सरळ साखळीचं ॲमिलोज असतं, बाकीचं फांद्या फुटलेलं ॲमिलोपेक्टिन. भट्टीत पीठ ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची आतली स्फटिकरचना मोडते. ब्रेड निवताना ॲमिलोज काही तासांतच पुन्हा जुळतं. त्यामुळेच ब्रेडला स्लाइस करण्याइतका घट्टपणा येतो. पुढचा शिळेपणा मुख्यतः ॲमिलोपेक्टिनचा. त्याच्या फांद्यांची टोकं कित्येक दिवस हळूहळू जवळ येतात, एकमेकांभोवती पीळ घेतात आणि त्यांचे बारीक स्फटिक बनतात. काही पाणी त्यांत अडकून पडतं. वजन तेवढंच राहतं, घास मात्र कोरडा लागतो. हे स्फटिक ५०-६० अंशांच्या आसपास वितळतात, म्हणून कालचा पाव तव्यावर झाकण ठेवून गरम केला की मऊ होतो आणि निवला की पुन्हा कडक. स्फटिक सर्वांत भराभर जमतात ते फ्रीजच्या तापमानाला, ४ अंशांच्या आसपास. फ्रीजमध्ये बुरशी लांबते, शिळेपणा मात्र लवकर येतो. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तो जवळजवळ थांबतो.

पाकिटावरच्या घटकांत ४७१ हा क्रमांक दिसला तर ती मोनो- आणि डायग्लिसराइड्स, म्हणजे तेला-तुपासारख्या स्निग्ध पदार्थांपासून बनवलेले घटक. ती स्टार्चच्या साखळ्यांना बिलगून स्फटिक होण्यात अडथळा आणतात. काही ब्रेडमध्ये याच कामासाठी एन्झाइमही घालतात. असा ब्रेड चार दिवसांनीही बोटाला मऊ लागतो, तेव्हा तिथे तारीखच बघायची. जुना माल पुढे लावलेला असतो, म्हणून मागचं पाकीट काढा. मग ते उजेडात धरून आत पाण्याचे थेंब आहेत का पाहा. ब्रेड पुरता निवण्याआधी पॅक केला की वाफ आत जमते आणि ओल धरलेल्या जागी आधी बुरशी येते.

‘बुरशी येत नाही म्हणजे ब्रेड प्लास्टिकचा’ हा व्हॉट्सॲपवरचा संदेश निव्वळ खोटा आहे. बुरशी रोखतं ते कॅल्शियम प्रोपिओनेट, क्रमांक २८२. ते प्रोपिओनिक आम्लाचा क्षार आहे, आणि हे आम्ल स्विस चीजमध्ये आपसूक तयार होतं.

लादी पाव घेताना दुकानदार लादी तोडतो, तेव्हा जोडाकडे नीट बघा. ताजा पाव रेशा ओढत सुटतो, शिळा तुटताना भुगा सांडतो.

उन्हाळ्यात आणि दमट हवेत वासही घ्या. अतिपिकल्या फळासारखा गोडसर वास आला आणि मधला भाग ओढल्यावर चिकट तार निघाली, तर तो बॅसिलस जिवाणूंचा प्रताप. त्यांचे बीजाणू भट्टीतून जिवंत निघतात, कारण ब्रेडचा गाभा १०० अंशांपर्यंत पोचत नाही. असा ब्रेड भाजूनही खाऊ नये.