कुस्कोतले पहिले दोन दिवस: भिंती, चढण आणि इतिहास

पेरूतल्या कुस्कोत उतरणाऱ्या विद्यार्थी गटांचा पहिला दिवस बहुतेकदा एकाच कारणाने वाया जातो. राजधानी लिमा समुद्रकाठी, कुस्को सुमारे 3,400 मीटरवर, आणि विमान दीड तासाच्या आत पोहोचवतं. इतक्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश प्राणवायू मिळतो. त्रास मात्र सहा ते बारा तासांनी सुरू होतो. सकाळी मुलं ठणठणीत असतात म्हणून दुपारीच टेकडी चढायला काढतात, आणि रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप येत नाही. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो. त्याने तरतरी येते, पण विश्रांतीचं काम तो करत नाही. (त्याच्या पुड्या आठवण म्हणून भारतात आणू नयेत, कोकाच्या पानांवर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे.) बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं.

पहिले दोन दिवस कुठे फिरायचं, याचं उत्तर शहराच्या मांडणीतच आहे. पंधराव्या शतकात पाचाकुती या इंका सम्राटाने साफी आणि तुलुमायू या दोन ओढ्यांच्या मधल्या भागात राजधानी नव्याने वसवली. ओढे दगडी पाटांत बांधून काढले; आज ते रस्त्यांखालून वाहतात. मुख्य चौकापासून कोरिकांचा या सूर्यमंदिरापर्यंतचा हा पट्टा हलक्या उताराचा आहे आणि तासाभरात निवांत पाहून होतो.

चौकापासूनच सुरुवात करावी. इंकांच्या काळी इथे समुद्रकिनाऱ्यावरून आणलेली वाळू पसरलेली होती. 1559 मध्ये पोलो दे ओन्देगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने ती काढून कॅथेड्रलच्या बांधकामाला दिली. स्पॅनिश फौज 1533 च्या नोव्हेंबरात शहरात शिरली. 1536 मध्ये मांको इंका या इंका राजाने शहराला वेढा घातला तेव्हा गवताची छपरं जळाली, भिंती उरल्या. त्याच भिंतींवर पुढे मठ आणि वाडे चढले.

हे नीट दिसतं ते चौकालगतच्या लोरेतो गल्लीत. भिंतीचा खालचा भाग बघा: दगडात चुना नाही, सांध्यात नख शिरत नाही, आणि वर जाताना भिंत किंचित आत झुकते. त्यावरचं ओबडधोबड, चुन्यातलं काम नंतरचं. दगड इंकांच्या घडणीचा पण सांध्यात चुना असेल, तर तो दुसरीकडून काढून आणलेला समजावा. हातुन रुमियोक गल्लीतल्या बारा कोनांच्या दगडापाशी गर्दी असते. त्याला हात लावायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे: 2025 च्या फेब्रुवारीत एकाने तो ठोकून त्याचे टवके उडवले.

कोरिकांचावर सांतो दोमिंगोचा मठ उभा आहे. 1650 च्या भूकंपात तो कोसळला आणि पुन्हा बांधला गेला. 21 मे 1950 च्या भूकंपात त्याचं पुन्हा मोठं नुकसान झालं, पण आतल्या इंका भिंती तग धरून राहिल्या. पडझडीमुळे झाकलेल्या भिंतीही उघड्या पडल्या. मग युनेस्कोने कला-इतिहासकार जॉर्ज कुब्लर यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञ पाठवले. काय जसंच्या तसं उभारायचं आणि काय उघडं ठेवायचं, हा वाद तेव्हापासूनचा. 1983 मध्ये शहर जागतिक वारसा यादीत आलं.

तिकिटांत घोळ होतो तो इथेच. 'बोलेतो तुरिस्तिको' हे एकत्रित तिकीट दहा दिवस चालतं. त्यात कोरिकांचाचं जमिनीखालचं संग्रहालय येतं. मठ आणि कॅथेड्रल येत नाहीत, त्यांची तिकिटं वेगळी. विद्यार्थी सवलतीसाठी आयएसआयसी हे आंतरराष्ट्रीय ओळखपत्र सोबत ठेवावं. नुसत्या कॉलेजच्या कार्डावर विसंबू नये.

साक्सायवामान हे शहरावरच्या टेकडीवरचं इंकांचं किल्ल्यासारखं बांधकाम तिसऱ्या दिवसासाठी ठेवावं. ते सुमारे 3,700 मीटरवर आहे. जाताना टॅक्सी, येताना पायी. वेढ्यानंतर स्पॅनिशांनी त्याची खाणच केली आणि उचलता येतील ते दगड शहरात नेले. तीन टप्प्यांची नागमोडी तटबंदी शिल्लक राहिली, कारण तिच्यातले काही दगड शंभर टनांहून जड आहेत.