ज्युरी, जॉन जे आणि अर्धंच वाक्य

‘कायदा पटला नाही तर ज्युरीने तो झुगारावा, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.’ हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. आधार दिला जातो १७९४ च्या ‘जॉर्जिया विरुद्ध ब्रेल्सफर्ड’ खटल्याचा. पण तो तर साधा उधारीचा वाद होता!

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्जिया राज्याने ब्रिटिश सावकारांची येणी आपल्या ताब्यात घेतली. युद्ध संपल्यावर प्रश्न आला, ऋणकोने पैसे द्यायचे कुणाला, राज्याला की सावकार ब्रेल्सफर्डला? फिलाडेल्फियात सुप्रीम कोर्टापुढेच, चक्क ज्युरी बसवून, सुनावणी झाली. (होय, तिथेही ज्युरी बसली आहे.)

सरन्यायाधीश जॉन जे यांनी ज्युरीला सांगितलं, की कायदा आणि वस्तुस्थिती दोन्हींचा निवाडा करायचा हक्क तुम्हाला आहे. एवढंच उचललं जातं. त्याच्या आधीचं कोण वाचतो? वस्तुस्थितीवर वाद नाही, कायद्याबाबत न्यायाधीशांचं एकमत आहे आणि कायद्याचा प्रश्न ठरवणं हे कोर्टाचं काम, हेही तेच म्हणाले होते. न्यायाधीशांचं मत असं, की राज्याने येणी फक्त रोखून धरली होती, ती सरकारजमा झाली नव्हती. त्यामुळे ब्रिटन-अमेरिकेच्या १७८३ च्या शांतता तहानंतर सावकाराचा हक्क पुन्हा जिवंत झाला.

ज्युरीनेही काही झुगारलं नाही. दोन शंका विचारल्या आणि जागेवरूनच ब्रेल्सफर्डच्या बाजूने कौल दिला.

पुढे १८९५ मध्ये ‘स्पार्फ’ खटल्यात याच कोर्टाने स्पष्ट केलं, की ज्युरीने न्यायाधीशांनी सांगितलेला कायदाच मानायचा. फॉरवर्ड करणारे इथवर पोहोचतच नाहीत.