सर्दी-तापानंतर पुन्हा पाण्यात केव्हा उतरायचं?

(तलावावर येणाऱ्या सभासदांसाठी आणि पालकांसाठी)

जूनमध्ये शाळा सुरू होऊन पाऊस लागला की, आणि पुन्हा दिवाळीनंतर धुकं पडायला लागलं की, काउंटरवर एकच प्रश्न येतो: "ताप गेलाय की ओ सर, सोडू काय आज पोराला पाण्यात?" गेटवर सर 'आज नको' म्हणाले की काहीजण नाराज होतात. 'आज नको' का म्हणतो आणि मग 'ये' केव्हा म्हणतो, ते या पत्रकात सविस्तर दिलं आहे.

सगळ्यात जास्त दिवस वाया घालवणारी चूक एकच आहे. ताप उतरला, अंगात जरा हुशारी आली की त्याच दिवशी तलावावर यायचं आणि बुडालेले दिवस भरून काढायला नेहमीएवढे, नाहीतर त्याहून जास्त राउंड मारायचे. त्या दिवशी काहीच होत नाही, पोहून बरंच वाटतं. त्रास रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो: खोकल्याची ढास, छाती जड, पुन्हा कणकण. चार दिवसांचं दुखणं मग तीन आठवडे पुरतं.

यामागे बहुतेक वेळा फीची काळजी असते, म्हणून ते आधीच सांगतो. आजारपणाचे दिवस तुमच्या महिन्यातून आम्ही कापत नाही. पहिल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर 'आजारी आहे' एवढा मेसेज टाका, तेवढे दिवस पुढे धरले जातात. 14 दिवसांपर्यंत चिठ्ठीही मागत नाही. तेव्हा फी वाया जाते म्हणून कुणी घाईने येऊ नका.

आता ताप 'गेला' म्हणजे काय, ते पाहू. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. पहाटे पाचला गोळी दिली तर सहाच्या बॅचला कपाळ गार लागणारच. गोळी न घेता पूर्ण 24 तास ताप आला नाही, तरच तो गेला असं धरा. तोवर तलाव, जिम, पळणं सगळं बंद. विषाणूची सूज क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचते आणि अंगात ताप असताना जोर केला तर तो धोका वाढतो. चांगल्या तब्येतीच्या तरुणांनाही हे लागू आहे.

घरच्या घरी नाडी बघा. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. बरे असताना तीन दिवस मोजून आपला आकडा लिहून ठेवला असेल तर उत्तम. त्याहून 10 किंवा जास्त ठोके पडत असतील तर शरीर अजून आजाराशी झुंजतंय. त्या दिवशी येऊ नका.

लक्षणं गळ्याच्या वर आहेत की खाली, हेही पाहायचं. नाक थोडं वाहतंय, घसा जरा खवखवतोय, बाकी ठीक आहे, तर हलका व्यायाम चालतो. पण पहिले दोन-तीन दिवस शिंका-खोकला जोरात असेल तर आमच्याकडे तरी येऊ नका. पाण्यातले विषाणू क्लोरीनने मरतात. काठावर आणि कपडे बदलायच्या खोलीत शेजारी खोकलेलं मात्र कुठलंही क्लोरीन धुऊन काढत नाही. छातीत कफ, घरघर, दम, अंगदुखी अशी गळ्याखालची लक्षणं असतील तर पाणी पूर्ण बंद.

"चालायला चालतं, मग पोहायला का नाही?" असंही विचारलं जातं. चालताना श्वास हवा तेव्हा, हवा तेवढा घेता येतो. फ्रीस्टाइलमध्ये तो हाताच्या तालावर, क्षणभरात घ्यावा लागतो आणि पाण्यात सोडावा लागतो. नेमक्या त्या क्षणी ढास आली तर पाणी आत जातं. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं तरी छातीवर पाण्याचा दाब असतो, त्यामुळे श्वास ओढायला जास्त जोर लागतो. तिसरं कारण पाण्याच्या लगत असलेल्या हवेत आहे. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की क्लोरामाइन तयार होतं आणि त्याचा वायू बरोबर आपल्या नाकाच्या उंचीवर तरंगतो. ज्याला आपण 'क्लोरीनचा वास' म्हणतो, तो मुख्यतः हाच. आजारातून उठलेली श्वासनळी कित्येक आठवडे नाजूक असते, तिला हा वायू झोंबतो. आधी शॉवर घेतल्याशिवाय आम्ही कुणालाच उतरू देत नाही, ते यासाठी. मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत 1 ते 3 भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, 7.2 ते 7.8 यांमध्ये ठेवतो. दिवसातून दोनदा तपासलेले आकडे ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लिहिलेले असतात, येता-जाता जरूर वाचा.

उरलेल्या खोकल्याचं काय? व्हायरल गेल्यावर कोरडा खोकला तीन ते आठ आठवडे राहू शकतो. तो पूर्ण थांबेपर्यंत घरी बसायची गरज नाही. दिवसेंदिवस कमी होत असेल, कफ नसेल, घरघर नसेल, रात्रीची झोप मोडत नसेल तर हळूहळू सुरुवात करता येते. मात्र खोकला दोन आठवड्यांवर गेला की आधी डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तर टीबीसाठी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. काढा, हळदीचं दूध जरूर घ्या, घशाला बरं वाटतं. पण घसा शेकला म्हणजे छाती बरी झाली असं नाही.

परत येण्याचा क्रम

तलावावर यायच्या आधी लागोपाठ दोन दिवस 20-25 मिनिटं झपझप चाला. चालताना एक आख्खं वाक्य न तोडता बोलता आलं आणि त्या रात्री खोकला वाढला नाही, तर तिसऱ्या दिवशी या.

पहिला दिवस एकूण 20 मिनिटांचा. 25 मीटरचे चार ते सहा राउंड, तेही पाठीवर किंवा बोर्ड धरून, तोंड पाण्याबाहेर ठेवून. प्रत्येक राउंडनंतर काठाला धरून 30 ते 60 सेकंद थांबायचं. पुढचा दिवस सुट्टी. त्या सकाळी नाडी आणि खोकला दोन्ही नेहमीसारखे असतील तर तिसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मं अंतर. फ्रीस्टाइल करायची तर दर दोन हातांनी श्वास घ्या, तीन-पाच हातांचा हिशेब सध्या नको. पाचव्या दिवशी पाऊण, आठवड्यानंतर पूर्ण. श्वास रोखून पोहणं, स्प्रिंट आणि सूर मारणं सगळ्यात शेवटी, साधारण दहा दिवसांनी. मध्ये कुठे त्रास वाढला तर एक पायरी मागे यायचं आणि दोन दिवस तिथेच थांबायचं.

हा क्रम साध्या सर्दी-तापाचा. फ्लूनंतर प्रत्येक पायरीला दुप्पट दिवस द्या. छातीत कफ भरून ब्राँकायटिस झाला असेल तर दोन-तीन आठवडे धरूनच चाला. न्यूमोनिया झालेल्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही पाण्यात घेत नाही, कितीही जुने सभासद असोत.

दम्याचे पेशंट असाल तर डॉक्टरांनी सांगितलं असल्यास पोहण्याच्या 15 मिनिटं आधी पंप (इनहेलर) घ्या. पंप बॅगेत ठेवू नका, काठावरच्या बाकावर सरांच्या नजरेसमोर ठेवा. झोप आणणारी सर्दीची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी पाणी नाही.

कान बंद असताना खोल भागात जाऊ नका. दोन मीटर खोलीवर कानाच्या पडद्यावर हवेच्या दाबाच्या पाचव्या हिश्शाएवढा जादा दाब येतो. सर्दीने कानातून घशाकडे जाणारी आतली नळी बंद असेल तर तो दाब बरोबरीत आणायला आतून हवा पोचत नाही, पडदा दुखतो, कधी फाटतोही. नाक चिमटीत धरून आवंढा गिळा. दोन्ही कानांत 'टक' झालं तर वाट मोकळी आहे. नाक दाबून जोरात फुंकू नका, आणि घरच्यांनी कितीही सांगितलं तरी कानात तेल घालू नका.

बेळगावच्या आसपासच्या, म्हणजे खानापूर, हिंडलगा, काकतीकडच्या मंडळींना एक विशेष विनंती. आजारपणानंतरचं पहिलं पोहणं शेतातल्या विहिरीत नको. विहिरीचं पाणी वर कोमट वाटलं तरी खाली गारेगार असतं. मुटका मारला की श्वास अडकतो, आणि दमल्यावर टेकायला उथळ काठ नसतो. पाठीला डबा बांधला म्हणून खोकल्याची ढास काही थांबत नाही.

थंडीत पहाटेची बॅच असेल तर बरे होईपर्यंत संध्याकाळी या, त्याचे जादा पैसे नाहीत. गार कोरड्या हवेने नाजूक श्वासनळी आकसते. ओल्या डोक्याने स्कूटरवर बसू नका. केस कोरडे करून, कानटोपी-स्वेटर घालून दहा मिनिटं आत बसा आणि मग निघा.

आजारातून उठलेल्यांसाठी भिंतीकडची 1 नंबरची लेन रोज सकाळी 11 ते 12 राखीव असते. पाणी छातीपर्यंत, एक कोच सतत काठावर, आणि एका वेळी चारपेक्षा जास्त माणसं नाहीत. सभासदांना ही लेन मोफत आहे. सभासद नसलेल्यांनीही, विशेषतः ज्येष्ठांनी, येऊन विचारायला हरकत नाही. एका दिवसाचा पासही मिळतो.

पाण्यात असताना छातीत दुखलं, धडधड वाढली, चक्कर आली किंवा ओठ निळसर दिसले तर लगेच काठ धरा आणि हात वर करा. पुढचं आम्ही पाहतो, 108 ला फोनही आम्हीच करतो.

हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर ठेवलं आहे. शेजाऱ्यांसाठी हवं असेल तर घेऊन जा.