डिचोलीची पाटी आणि नेटसीडीएफमधली नावं

गोव्यात डिचोलीला जाताना पाटी बघा, देवनागरीत डिचोली आणि रोमनमध्ये अजून बिचोलिम. पोर्तुगीज १९६१ला गेले पण स्पेलिंग काय हललं नाही, जुन्या कागदांवर तेच आहे ना. सायंटिफिक डेटाच्या फाईलींमधल्या नावांचंही सेम.

अ‍ॅस्ट्रॉनॉमीवाल्यांचा फिट्स घ्या, १९८१चा फॉरमॅट. हेडरची, म्हणजे फाईलीच्या सुरुवातीच्या माहितीची, ओळ ८० अक्षरांची (पंच कार्डाची रुंदी, बाकी काही लॉजिक नाही) आणि कीवर्डला (ओळीतल्या माहितीचं नाव) जेमतेम ८ जागा, त्यातही कॅपिटल, आकडे, हायफन, अंडरस्कोर एवढंच. त्यांचं तत्त्वच आहे की एकदा फिट्स ते कायम फिट्स, नवीन व्हर्जनने जुनी फाईल बाद करायची नाही. आणि जागा आजही आठच.

आम्हा समुद्रवाल्यांचा फॉरमॅट नेटसीडीएफ, १९८९चा, अमेरिकेत बोल्डरच्या युनिडेटाने काढलेला, मूळ कल्पना नासाच्या सीडीएफ या फॉरमॅटची. त्यातही आधी नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि एकदोन चिन्हं एवढंच चालायचं. मग २००८ला ३.६.३ आणि ४.० या व्हर्जन आल्या नि दार सताड उघडलं, यूटीएफ-८मधलं (सगळ्या लिप्या लिहिता येणारं युनिकोडचं एन्कोडिंग) जवळपास काहीही चालेल, फक्त शेवटी स्पेस नको आणि स्लॅश तर नकोच, कारण ४.०च्या पोटात एचडीएफ५ हा दुसरा फॉरमॅट आहे आणि तिथे स्लॅश म्हणजे ग्रुपमध्ये (फाईलीतल्या फोल्डरमध्ये) शिरायचा रस्ता. गोव्यातल्या साओ जासिंतो बेटाच्या रोमन नावातला टिल्डवाला (डोक्यावर ~ असलेला) 'आ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, त्याचीही सोय केली, लायब्ररी दोन्हींचं एकच रूप करून टाकते.

सैल नियमाने जुन्या फाईलींना काहीच होत नाही. मरतात ते जुने प्रोग्राम, नवीन नाव समोर आलं की. मी एकदा हौसेने व्हेरिएबलचं नाव 'तापमान' ठेवलं, युनिकोडची सहा चिन्हं (कोडपॉइंट), १८ बाइट, फाईल मस्त बनली आणि माझीच जुनी प्लॉटिंग स्क्रिप्ट तिथल्या तिथे आडवी. हायफन तर त्याहून डेंजर, पायथॉनमध्ये डॉट लावून 'एसएसटी-मीन' (समुद्रपृष्ठाच्या तापमानाची सरासरी) मागा, तो एसएसटीतून मीन वजा करायला बसतो. सीएफ कन्व्हेन्शन, म्हणजे नेटसीडीएफ फाईली कशा लिहायच्या याचे २००३पासूनचे संकेत, म्हणूनच अजून सांगतं की नाव अक्षराने सुरू करा, पुढे अक्षरं, आकडे, अंडरस्कोर. सक्ती नाही, शिफारस आहे, पण मुकाट पाळलेली बरी.

आता माझ्या फाईलीत व्हेरिएबल 'टेम्प'च, रोमनमध्ये, आणि 'तापमान' लाँग नेममध्ये (व्हेरिएबलला जोडलेलं वर्णन), तिथे कोणाची हरकत नसते.